नावं ठेवणं

कारकून आला खेचरावरून, चिखल तुडवत,
शिंगाच्या दौतीत माजूफळाची शाई,
बगलेत मेंढीच्या कातड्याची गुंडाळी.
डोईपट्टी. माणशी चार पेनी.
राजाला कुठंतरी लढाई हवी होती.

यॉर्कशरातलं आडबाजूचं गाव, घरं अकरा-बारा,
आणि जॉन सात.
"जॉन," पहिला म्हणाला. कारकुनानं लिहिलं.
"जॉन," दुसरा म्हणाला.
तिसऱ्यानं तोंड उघडलं तशी त्यानं लेखणी वर धरली.
कोणता जॉन?

असं गावाला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
गाव माणूस ओळखतं खोकल्यावरून, अंधारातसुद्धा.

मग गाव बोलू लागलं,
आणि गाव एकदा बोलू लागलं की कुणाच्या बापाला आवरत नाही.
हा? ह्याचे पाय बघा, मेंढीच्या काड्या. लिहा शीपशँक्स.
हा हौदात उभा राहून लोकर तुडवतो,
शिळ्या मुतात, गुडघाभर. वॉकर.
(वाऱ्याच्या दिशेनं उभे असलेले दोन पावलं सरकले.)
आणि हा ड्रिंकवॉटर, पाणीपित्या.
इथं सगळे हसले. पाण्याशी त्याचा संबंध
ओढा ओलांडण्यापुरताच.

नाव ठेवायला बारसं लागतं,
नावं ठेवायला नुसते शेजारी पुरतात.
कारकुनाला दोन्ही सारखंच. त्यानं लिहून घेतलं,
आणि शाई वाळल्यावर चेष्टा उरली नाही,
नातवंडं उरली.

सगळ्यात शेवटी इडोनिया, विधवा,
कोपरापर्यंत पीठ.
तिला वेळ नव्हता, भट्टी तापलेली होती.
नवरा कुणाचा कोण, कारकुनानं विचारलं.
गावाला चटकन आठवेना.
"भाजते," मागून कुणीतरी म्हणालं, "पाव भाजते ती."
बॅकेस्टर.
भाजणारा नव्हे, भाजणारी.
त्या शेवटच्या 'स्टर'ला तेव्हा अजून
बाईचा आवाज होता.

चार नाणी मोजून ती परत फिरली.
तिच्या मुलाला लोक तिच्या कामानं हाक मारू लागले.
त्याच्या मुलालाही,
आणि तो तर जन्मभर मेंढ्यांमागं.

वेकफील्डचं इस्पितळ, गुडघ्यांचा विभाग, मंगळवार.
नेव्हिल बॅक्स्टर, वय त्र्याहत्तर, निवृत्त प्लंबर.
पाव आणतो सुपरमार्केटातून, कापलेला.
पबमध्ये दोन ग्लासांनंतर हमखास सांगतो:
तीन मुलगे आहेत, बॅक्स्टरांचं नाव चालवायला.
बाईचं नाव ते,
बाप्यांनीच वाहिलं पिढ्यान् पिढ्या,
डोक्यावरची पाटी खाली ठेवून
आत काय आहे हे न बघता.

मोरीन शेजारी बसलीय, त्याचा कोट मांडीवर घेऊन.
ती मरगट्रॉइड होती.
कुण्या मार्गारेटनं झाडं तोडून मोकळी केलेली जागा
म्हणे त्या नावात आहे; कुणी म्हणतं, नाही, नुसती पाणथळ वाट.
काही असो. लग्नाच्या नोंदवहीत तिनं ते शेवटचं लिहिलं.
आता बँक तेवढी विचारते, मुलांना, फोनवर,
ओळख पटवायला:
आईचं माहेरचं आडनाव?
धाकट्याला स्पेलिंग येत नाही. दर वेळी तिला फोन करतो.
तिला ते आवडतं, पण ती तसं म्हणत नाही.

समोर एक मुलगी, शीपशँक्स, पायाला प्लास्टर.
मांड्या नांगराच्या बैलासारख्या, टेकड्या चढत धावणारी.
नाव पुकारलं की ती हसते आधीच,
इतरांनी हसण्याच्या आधी. शाळेपासूनची सवय.

"मिस्टर बॅक्स्टर?"
नेव्हिल काठी रोवून उठतो.
नावाच्या आड, त्याच्या खांद्यामागं,
आणखी कुणीतरी उठतं, ॲप्रनला हात पुसत,
कपाळावर आठी: किती वेळ लागेल,
भट्टी निवेल माझी.

नर्स जन्मतारीख विचारते.
नेव्हिल फक्त स्वतःची सांगतो.